बलाढ्य इंजिनाची मंदगती

शक्तिमान मोटारीविषयी लिहिणारे बहुधा तिच्या शिखराविषयी लिहितात: अश्वशक्ती किती, हवेचा दाब किती, शून्यापासून शंभराच्या वेगापर्यंत पोहोचायला सेकंद किती. हे आकडे खरे असतात आणि ते मिळवण्यामागे श्रमही असतात. परंतु जी गाडी दिवसाकाठी चार-दोन मिनिटेच आपल्या शिखराला स्पर्श करते आणि उरलेला बराच काळ गल्लीबोळांत, सिग्नलपाशी किंवा घराच्या दारात संथ फिरत उभी असते, तिच्या घडणीचा कस त्या उभ्या अवस्थेतच लागतो, असे माझे स्पष्ट मत आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर जे इंजिन ठरलेल्या फेऱ्यांवर येऊन शांतपणे फिरत राहते, दिवे लावले तरी अडखळत नाही, एसी सुरू केला तरी खचत नाही आणि पहाटेच्या थंडीतही पहिल्याच चावीला स्वतःला सावरून धरते, त्याच्या कर्त्याने हवा, इंधन आणि ठिणगी या तिहींचा हिशेब कोठेही कसर न ठेवता जुळवलेला असतो. ज्याचा स्लो, म्हणजे ही उभ्या अवस्थेतली मंदगती, बिघडलेला आहे ते इंजिन कागदावर कितीही अश्वशक्तीचे असो, त्याचे काम अपुरे राहिले आहे असेच समजावे.

विषय मोघम बोलून समजणारा नाही. म्हणून एक ठरावीक इंजिन डोळ्यांपुढे ठेवू. फोर्ड कंपनीने अमेरिकेत २००३ आणि २००४ या दोन वर्षांच्या मस्टँग गाड्यांत कोब्रा नावाचा जो प्रकार विकला, आणि ज्याला तेथील शौकीन 'टर्मिनेटर' म्हणून ओळखतात, त्याचे ४.६ लिटरचे, आठ सिलिंडरांचे, बत्तीस झडपांचे इंजिन या विद्येच्या अभ्यासाला फार सोयीचे आहे. मिशिगन राज्यातील रोमिओ येथील कारखान्यात दोन-दोन कारागिरांच्या जोड्या ते हातांनी जुळवीत आणि त्यावर आपल्या सह्यांची पट्टी लावीत. ब्लॉक बिडाचा, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन घडीव, संपीडनाचे गुणोत्तर ८.५ आणि माथ्यावर ईटन कंपनीचा एम-११२ जातीचा सुपरचार्जर, अशी त्याची रचना. कारखान्याने जाहीर केलेली शक्ती ३९० अश्वशक्ती. बांधणी इतकी दणकट की मालकांनी पुली बदलून, इंजेक्टर बदलून, कोणी तर अख्खा सुपरचार्जर बदलून त्याच्याकडून पुष्कळ अधिक काम घेतले. कारखान्यातून बाहेर पडलेली ही गाडी स्लोवर निमूट उभी राही. असे फेरफार झालेल्या गाड्यांपैकी कित्येक मात्र तशा उभ्या राहीनाशा झाल्या, आणि त्याची कारणे बारकाईने पाहण्यासारखी आहेत.

स्लोवर फिरणारे इंजिन बाहेरून निष्क्रिय दिसले, तरी आत ते अखंड राबत असते. स्वतःच्या अवयवांचे घर्षण, जवळजवळ मिटलेल्या थ्रॉटलच्या फटीतून हवा ओढून घेण्याचे कष्ट, तेलाचा आणि पाण्याचा पंप, अल्टरनेटर आणि येथे सुपरचार्जर, एवढा सगळा खर्च भागेल इतकेच बल त्याने निर्माण करायचे असते. त्याहून किंचित अधिक झाले की फेरे चढतात, किंचित कमी झाले की उतरतात, आणि फार कमी झाले की गाडी बंद पडते. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर उभ्या असलेल्या या इंजिनाला सेकंदाला सुमारे पाच ग्रॅम हवा लागते आणि तिच्या जोडीला ग्रॅमच्या एक तृतीयांशाइतके पेट्रोल. म्हणजे तासाला दीड लिटरहून थोडे अधिक. पूर्ण जोरावर हेच इंजिन याच्या सत्तर-ऐंशी पट पेट्रोल घेते. एकाच यंत्रसामग्रीने या दोन्ही टोकांना अचूक राहावे अशी आपली अपेक्षा असते, आणि फेरफार करणारा मनुष्य वरचे टोक जितके आणखी वर उचलतो तितके खालचे टोक त्याच्या हातून निसटत जाते. पुढे जे जे सांगायचे आहे ते सारे या एका विधानाचेच विवरण होय.

सुपरचार्जर हा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा आणि सिलिंडरांत जादा हवा कोंबणारा पंप आहे. एम-११२ ज्या जातीचा, तिची कल्पना मोटारीहूनही जुनी: इंडियाना राज्यातील कॉनर्सव्हिल येथील फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या बंधूंनी १८६० मध्ये तिचे पेटंट घेतले, आणि आरंभी ती भट्ट्यांना वारा घालण्यासारख्या अवजड कामांत वापरात आली. एकमेकांत गुंतून फिरणारे दोन रोटर फेरीगणिक हवेचे ठरलेले आकारमान पुढे ढकलतात. एम-११२ चे हे आकारमान ११२ घनइंच, म्हणजे सुमारे १.८ लिटर. आता जमाखर्च मांडून पाहा. ४.६ लिटरचे चार स्ट्रोकचे इंजिन क्रँकच्या एका फेरीत फार तर २.३ लिटर हवा घेऊ शकते. सुपरचार्जर क्रँकच्या सुमारे दुप्पट वेगाने फिरतो, म्हणजे तेवढ्याच अवधीत तो साडेतीन लिटरहून अधिक हवा पुढे टाकू पाहतो. मालकाने लहान पुली बसवली की हा आकडा पाच लिटरच्या आसपास जातो. शिखरावर हे आधिक्य इष्ट असते, कारण त्यातूनच दाब निर्माण होतो. स्लोवर मात्र त्याची मुळीच गरज नसते. उलट विनाकारण दाबलेली हवा तापते आणि ते दाबण्याचे श्रम इंजिनाच्या तुटपुंज्या बलातून वसूल होतात.

यावर कारखान्याने केलेली तजवीज म्हणजे बायपासची झडप. स्प्रिंगच्या जोरावर ती मिटलेली असते आणि मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूमने ओढली गेली की उघडते. उघडल्यावर पुढे गेलेली हवा वळून पुन्हा रोटरांच्या मुखाशी येते, आणि सुपरचार्जर दाब न वाढवता नुसता फिरत राहतो. ही झडप ठीक आहे की नाही हे पाहायला लॅपटॉप लागत नाही. इंजिन स्लोवर ठेवून बोनेट उघडावे आणि सुपरचार्जरच्या अंगाला असलेल्या छोट्या गोल डबीकडे पाहावे: तिच्यातून निघालेली बोटाएवढी दांडी आत ओढली गेलेली दिसली पाहिजे. डबीला जोडलेला व्हॅक्यूमचा बारीक पाईप उपसला की दांडी लगेच बाहेर यावी आणि सुपरचार्जरचा सूर बदलावा; पाईप परत चढवला की ती पुन्हा आत जावी. दांडी हललीच नाही, अथवा अर्ध्यावर थरथरत राहिली, तर डबीतला पडदा फाटला असेल, पाईपला चीर गेली असेल किंवा नव्या मॅनिफोल्डवर तो भलत्याच तोंडाला लावला गेला असेल. ही साधी तपासणी टाळून संगणकातील तक्त्यांशी झगडणारे लोक पाहिले म्हणजे वाईट वाटते, कारण जो दोष पाचशे रुपयांच्या रबरी नळीत आहे तो कितीही आकडे बदलले तरी जाणार नसतो.

येथेच कॅमशाफ्टचा प्रश्न उद्भवतो. वरच्या फेऱ्यांत अधिक हवा मिळावी म्हणून झडपा उघडणारे जे वेगळे कॅमशाफ्ट बसवतात, त्यांत बहुधा आत घेणारी आणि बाहेर टाकणारी अशा दोन्ही झडपा काही काळ एकदम उघड्या राहतात. वेगात हा काळ क्षणमात्र असतो. मंदगतीत मात्र बाहेर जाऊ पाहणारा जळका वायू तेवढ्या अवधीत उलटा मॅनिफोल्डमध्ये शिरतो, ताज्या मिश्रणात मिसळतो आणि ज्वलन मंदावतो. परिणामी मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूम कमी पडतो. मूळचे इंजिन अठरा-वीस इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम धरीत असेल, तर तीव्र कॅमशाफ्टचे इंजिन दहा-बारा इंचांवर येते, आणि ज्या व्हॅक्यूमवर बायपास उघडायची तोच लंगडा पडल्यामुळे झडप अर्धवट उघडून फडफडू लागते. एक दोष असा दुसऱ्याला जन्म देतो. सुपरचार्जर हवा कोंबणारच आहे, तेव्हा दोन्ही झडपा फार काळ एकदम उघड्या ठेवून तीच हवा सायलेन्सरवाटे घालवण्यात तसाही लाभ थोडा; म्हणून जाणते लोक अशा इंजिनाला दोन्ही झडपांच्या उघडण्यात अंतर अधिक असलेला कॅमशाफ्ट निवडतात. जनरल मोटर्सने २००९ च्या कॉर्व्हेट झेडआर-१ मध्ये ६३८ अश्वशक्तीचे सुपरचार्ज्ड इंजिन दिले, तेही याच विचाराने, आणि ते इंजिन सिग्नलपाशी सभ्यपणे उभे राहते.

आता इंजेक्टर. या विषयातील सर्वांत मनोरंजक भाग हाच आहे, आणि सर्वांत दुर्लक्षित भागही हाच आहे. ८०० फेऱ्यांवर आठ सिलिंडरांचे इंजिन सेकंदाला सुमारे ५३ वेळा पेट घेते. सेकंदाला लागणारे पेट्रोल ५३ वाट्यांत विभागले, तर एका वाट्याला सुमारे ६.४ मिलिग्रॅम येते. कोब्राचा मूळ इंजेक्टर मिलिसेकंदाला सुमारे पाच मिलिग्रॅम पेट्रोल सोडतो; म्हणजे तो सव्वा मिलिसेकंदाहून थोडा अधिक काळ वाहता राहिला पाहिजे. मालकाने शिखरावर पेट्रोल कमी पडू नये म्हणून मिनिटाला ६३० घनसेंटिमीटर सोडणारे मोठे इंजेक्टर बसवले, की मिलिसेकंदाला साडेसात मिलिग्रॅम वाहू लागतात आणि वाहण्याचा काळ ०.८५ मिलिसेकंदावर येतो. परंतु इंजेक्टरला वीज मिळाल्याबरोबर त्याची सुई उचलली जात नाही. चुंबक भरायला आणि सुई उठायला साधारण एक मिलिसेकंद जातो. म्हणजे वाहण्याच्या काळापेक्षा उघडण्याचा विलंबच मोठा! ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, हा विलंब आधीच सांगून ठेवावा लागतो, आणि त्यात एक दशांश मिलिसेकंदाची चूक झाली तर मिश्रणात बारा टक्क्यांचा फरक पडतो. हवा आणि पेट्रोल यांचे १४.७ ला एक हे प्रमाण एवढ्याने साडेसोळाला एक होते आणि काही सिलिंडर पेट घ्यायचे चुकू लागतात. त्यालाच आपले मिस्त्री मिसिंग म्हणतात. पोती मोजायच्या काट्यावर केशर तोलायला बसावे, तशी ही अवस्था.

या विलंबाचा विजेच्या दाबाशी निकटचा संबंध असतो. अल्टरनेटर चौदा व्होल्ट देत असताना सुई लवकर उठते. रेडिएटरचा पंखा आणि दिवे एकदम सुरू होऊन दाब साडेबारावर आला की तिला अधिक वेळ लागतो. कारखान्याच्या तक्त्यात प्रत्येक व्होल्टेजला विलंब किती, हे मोजून लिहिलेले असते; नवे इंजेक्टर बसवताना तो तक्ता मात्र जुनाच राहिला, तर पंखा सुरू होताच मिश्रण पातळ होते आणि गाडी अडखळते. मालकाला वाटते अल्टरनेटरचा भार पडला. भार पडतोच, पण खरा अपराधी बहुतेक वेळा तो न बदललेला तक्ता असतो. त्यातच, अतिशय लहान स्पंदांत इंजेक्टर सरळ प्रमाणात वागत नाही, आणि म्हणून फोर्डच्या संगणकात लहान स्पंदांसाठी वेगळा आणि मोठ्या स्पंदांसाठी वेगळा असे दोन दर भरण्याची सोय आहे. सबब इंजेक्टर विकत घेताना त्याच्यासोबत हे मोजलेले आकडे मिळतात की नाही, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आकड्यांविना आलेला स्वस्त इंजेक्टर अखेरीस महागच पडतो.

हवेच्या मोजणीचीही तीच कथा. कोब्रात हवा प्रथम मोजणीच्या सेन्सरमधून जाते, मग थ्रॉटलमधून, मग सुपरचार्जरमध्ये. सेन्सरच्या पुढे कोठेही फट असली, मग ती गॅस्केटची असो, ब्रेकच्या नळीची असो किंवा तेलाची वाफ गाळण्यासाठी मागाहून जोडलेल्या डब्याची असो, त्या फटीतून शिरलेली हवा कोणत्याही दप्तरात नोंदली जात नाही आणि तिच्या वाट्याचे पेट्रोल दिले जात नाही. शिवाय मोठ्या शक्तीसाठी सेन्सरची नळी रुंद केली, की स्लोवरचा क्षीण प्रवाह तिच्यातून इतका मंद वाहतो की त्याचे वाचन अस्थिर होते. नळीच्या बाकाजवळ सेन्सर बसवला असेल तर अधिकच. चांगला कारागीर अशा वेळी प्रथम धूर सोडून फटी शोधतो, सेन्सर सरळ नळीत नेतो आणि मगच त्याचा तक्ता सुधारतो.

मिश्रण बरोबर आहे की नाही हे सांगणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरवर स्लोमध्ये डोळे झाकून इतबार ठेवू नये. तीव्र कॅमशाफ्टमुळे काही ताजी हवा न जळताच बाहेर जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, तो मिश्रण पातळ असल्याची वर्दी देतो, ईसीयू त्याच्या शब्दावर पेट्रोल वाढवत जातो आणि मिश्रण घट्ट होत जाते. धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे लांब हेडर बसवले असतील तर सेन्सर इंजिनापासून दूर जातो, थंड पडतो आणि त्याची वर्दी उशिरा पोहोचते. उशिरा आलेल्या वर्दीवर केलेली दुरुस्ती अवेळी होते आणि मिश्रण एकदा पातळ, एकदा घट्ट असे झुलत राहते. म्हणून काही इंजिनांत स्लोपुरती सेन्सरची मुखत्यारी काढून घ्यावी लागते आणि प्रत्यक्ष फेऱ्यांची स्थिरता, व्हॅक्यूम आणि कान यांच्या साक्षीने मिश्रण ठरवावे लागते. साडेतेरा-चौदाला एक या किंचित घट्ट प्रमाणावर अशी इंजिने पुष्कळदा अधिक सुखाने फिरतात.

येथवर जे सांगितले ती पूर्वतयारी झाली. फेरे प्रत्यक्ष सांभाळण्यासाठी ईसीयूजवळ दोन साधने असतात, हवा आणि ठिणगी, आणि त्यांचे स्वभाव भिन्न आहेत. थ्रॉटलला वळसा घालून हवा सोडणारी आयडलची झडप समर्थ आहे, परंतु मंद: तिने सोडलेली हवा थ्रॉटलपुढची सगळी पोकळी भरून मगच सिलिंडरांत पोहोचते, आणि सुपरचार्जर व इंटरकूलर मध्ये आल्याने ही पोकळी साध्या इंजिनापेक्षा बरीच मोठी असते; पोकळी दुप्पट झाली तर विलंबही जवळजवळ दुप्पट होतो. ठिणगी मात्र तत्काळ फलदायी असते. टायमिंग बदलले की पुढच्याच ज्वलनात, म्हणजे या इंजिनात सुमारे १९ मिलिसेकंदांत, बल बदलते. म्हणून स्लोवर टायमिंग मुद्दाम त्याच्या सर्वोत्तम बिंदूच्या मागे ठेवतात. साध्या इंजिनात पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या बारा-पंधरा अंश आधी, तीव्र कॅमशाफ्ट असेल तर वीस अंश किंवा त्याहूनही पुढे. फेरे घसरले की ईसीयू ठिणगी पुढे ओढतो, चढले की मागे नेतो, आणि तेवढ्या उसंतीत हवेची झडप सावकाश आपल्या जागी येते. ही राखीव शक्ती ज्याने ठेवली नाही, म्हणजे गुळगुळीत स्लोच्या लोभाने टायमिंग आधीच शिखरावर नेऊन ठेवले, त्याच्या इंजिनाला एसीचा कॉम्प्रेसर लागताच सावरण्यासाठी काही शिल्लक उरत नाही.

आणि ही दोन्ही साधने एकमेकांशी भांडू लागली, की फेरे सातशे ते अकराशे यांच्या दरम्यान लयबद्ध वरखाली होऊ लागतात. हा विकार मोटारीच्या फार आधीचा आहे. वाफेच्या इंजिनांचे गव्हर्नर असेच हेलकावे खात, आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल या थोर भौतिकशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात गव्हर्नरची दुरुस्ती केव्हा स्थैर्य आणते आणि केव्हा हेलकावे वाढवीत नेते, याचे गणित सांगितले. त्या गणिताचा आपल्या कामापुरता अर्थ असा, की दुरुस्ती उशिरा पोहोचत असेल तर ती सौम्य असली पाहिजे. सुपरचार्ज्ड इंजिनात हवा उशिरा पोहोचते. म्हणून हवेच्या झडपेला मोठ्या आणि घाईच्या दुरुस्त्यांची मुभा देता कामा नये. फेरे झुलू लागले की अननुभवी मनुष्य दुरुस्तीचा जोर वाढवतो आणि विकार बळावतो. जाणता तो जोर कमी करतो आणि हवेचा मूळ अंदाजच सुधारतो.

मूळ अंदाज हा शब्द मी हेतुपुरस्सर वापरला. कोणत्या तापमानाला, न्यूट्रलमध्ये, एसीसह आणि एसीविना, इंजिनाला किती हवा लागेल याचा एक तक्ता ईसीयूत असतो, आणि माझ्या मते स्लोच्या कामाचा नव्वद टक्के भाग या तक्त्यातच आहे. तो बरोबर असेल तर दुरुस्ती करणाऱ्या यंत्रणेला फारसे कामच उरत नाही. रीत अशी: यंत्रे, नळ्या, बायपास, प्लग आणि पेट्रोलचा दाब आधी तपासून घ्यावा, इंजेक्टरचे खरे आकडे भरावेत, इंजिन पूर्ण तापू द्यावे, मग ईसीयूची आपोआप चालणारी दुरुस्ती बंद करून टायमिंग एका अंशावर खिळवावे आणि निव्वळ हवेच्या आकड्याने इंजिन इष्ट फेऱ्यांवर उभे राहील असा तो आकडा शोधावा. तो सापडल्यावर ठिणगीची दुरुस्ती सुरू करावी, आणि सर्वांत शेवटी हवेची, तीही जपून. कोब्राचा संगणक चालता चालता शिकतो आणि शिकलेले आपल्या स्मृतीत जपून ठेवतो. बॅटरी काढली की ते पुसले जाते. यामुळे एक फसवा प्रकार घडतो: बॅटरी काढून लावल्यावर गाडी काही दिवस उत्तम चालते आणि संगणकाने चुकीच्या मापांवरून शिकायला सुरुवात केली की पुन्हा बिघडते. असे दिसले तर बॅटरीकडे न जाता मापांकडे जावे.

तक्त्यातील थंड तापमानांचे रकाने भरण्याला मात्र धैर्य लागते. पूर्ण थंड इंजिनाचा प्रारंभ रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचाच पाहता येतो, म्हणजे दिवसातून एकदाच. एक आकडा बदलावा, निकाल पाहावा आणि पुढच्या बदलासाठी दुसऱ्या सकाळची वाट पाहावी. घाईने हे काम होत नाही, आणि जे गॅरेज दुपारी आलेली गाडी संध्याकाळी परत देते त्याने ते केलेले नसते. त्याचप्रमाणे स्टिअरिंग एका टोकाला वळवून धरणे, एसी चालू-बंद करणे, पंखा आणि दिवे एकदम लावणे, आणि वेगातून क्लच दाबून एकाएकी थांबणे, या प्रसंगांत गाडी कशी वागते हे पाहावे लागते. शेवटचा प्रसंग सर्वांत कठीण. कारण थ्रॉटल झटक्यात मिटतो, पोकळीतला दाब कोसळतो आणि फेरे ठरलेल्या अंकाखाली घसरून जातात. त्यावर उपाय म्हणजे हवेची झडप एकदम न मिटवता, गाडीचा वेग उतरत जाईल तशी हळूहळू मिटवत नेणे.

प्लगसारख्या किरकोळ वाटणाऱ्या वस्तूतही वरचे टोक आणि खालचे टोक यांची हीच ओढाताण दिसते. दाबाखाली ठिणगी विझू नये म्हणून प्लगचा गॅप ०.८ मिलिमीटरच्या आसपास कमी करतात. परंतु जळक्या वायूने पातळ झालेल्या स्लोच्या मिश्रणाला मोठी ठिणगी हवी असते. येथे तडजोडच करावी लागते आणि ती प्रत्येक इंजिनाची वेगळी.

काही पळवाटा सर्वत्र दिसतात आणि त्यांना माझा विरोध आहे. स्लो राहत नाही म्हणून तो अकराशे-बाराशेवर नेऊन ठेवणे, थ्रॉटलच्या चकतीला मोजमाप न करता भोक पाडणे, मिश्रण भरपूर घट्ट करून अडखळणे लपवणे: या प्रत्येकाने रोग तसाच राहतो आणि क्लच, तेल व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याची किंमत भरतात. घट्ट मिश्रणाचा भार प्रदूषणाच्या रूपाने इतरांच्या फुप्फुसांवरही पडतो. अमेरिकेत म्हणूनच स्वच्छ हवेच्या कायद्याखाली प्रदूषण-नियंत्रणाची साधने काढून टाकण्यास मनाई आहे, आणि कॅलिफोर्नियात सुपरचार्जरसारखा बाहेरचा भाग रस्त्यावरच्या गाडीला बसवायचा तर त्याला तेथील हवा मंडळाची मंजुरी असावी लागते. आपल्याकडे नियम आणखी कडक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ तपशिलात परवानगीविना बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ काटेकोरपणे लावला आहे. आपल्या पीयूसीच्या तपासणीतही बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल मोटारीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड स्लोवरही मोजला जातो आणि तेथे त्याची मर्यादा ०.३ टक्के आहे. घट्ट मिश्रणाने लपवलेला दोष तेथे उघडा पडतो.

परदेशी असलेल्या मराठी वाचकांपैकी ज्यांच्या दारात अशी गाडी आहे, आणि ज्यांना तेथील कायदा ती बाळगू देतो, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. गाडी ट्यून करून घेतल्यावर डायनोचा, म्हणजे शक्ती मोजणाऱ्या यंत्राचा, कागद पाहून पैसे चुकते करू नका. गाडी एक रात्र तेथेच राहू द्या. सकाळी थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. ते तापल्यावर एसी, पंखा आणि दिवे एकदम लावा, स्टिअरिंग टोकापर्यंत वळवा, आणि रस्त्यावर एक फेरी मारून येऊन क्लच दाबून थांबा. इंजिन उभे राहिले तर पैसे द्या, आणि इंजेक्टरचे व हवेचे जे आकडे भरले त्यांची नक्कल मागून घेऊन गाडीच्या कागदपत्रांत ठेवा.